अर्ध्या वाक्यावर थांबणारा माणूस

श्रावण निकुरे गुरुजी बोलता बोलता वाक्याच्या मधोमध थांबत. विसरले म्हणून नव्हे, शब्द सापडत नाही म्हणूनही नव्हे. अर्धं वाक्य समोरच्याच्या हातात ठेवायचं, त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, डावी भुवई जराशी वर जाऊ द्यायची आणि मग उरलेलं अर्धं सोडून द्यायचं. ते इतक्या साध्या आवाजात यायचं, की हसू फुटल्यावरही कळायचं नाही नेमकं कशाला हसलो.

नव्वदच्या दशकात माझी बदली सिंदेवाहीच्या शाळेत झाली. मी वर्ध्याकडचा. धानाच्या बांध्या म्हणजे भाताची खाचरं, जागोजागी तलाव, तलावाच्या पलीकडे लगेच जंगल, हे सगळं मला नवं होतं. एसटीतून ट्रंक उतरवून घेत होतो तेव्हा एक उंच, काळेसावळे गृहस्थ सायकल धरून उभे होते. एका गालात खर्रा.

"तुमी नवे सर का जी?"

"हो."

"तुमच्यासाठी खोली पाहून ठेवली. हवा चांगली आहे. पानी चांगलं आहे. शेजार मात्र..."

आणि थांबले. मी ट्रंक हातात धरून उभा. एसटी निघून गेली, धूळ खाली बसली.

"...मी आहो," गुरुजी म्हणाले आणि ट्रंक सायकलच्या कॅरिअरवर ठेवून चालू लागले.

पुढे बरीच वर्षं आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. त्यांच्या घरात माणसं दोनच, गुरुजी आणि मंदाबाई. मूलबाळ नव्हतं. बोलायचं काम गुरुजींकडे होतं आणि मंदाबाईंना त्याबद्दल काही तक्रार नव्हती. त्या अगदीच कमी बोलत. चहाचा कप पुढं करून "घ्या" म्हणत, एवढंच.

शाळेत गुरुजी गणित शिकवत. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत वर्ग निम्मे रिकामे असायचे, कारण पोरं आईबापाबरोबर चिखलात रोवणी करायला जात. एकदा नेमके त्याच दिवसांत तपासणीला साहेब आले. रिकामे बाक बघून त्यांचा पारा चढला. मुख्याध्यापक घामाघूम. गुरुजी पुढं झाले.

"साहेब, मी घरोघरी जाऊन आलो. एकेकाच्या मायले सांगतलं, बाई, पोट्ट्याले उद्या शाळेत पाठव, नाई त साहेब..."

थांबले. आपण नेमकं काय करणार आहोत हे ऐकायला साहेब स्वतःच खुर्चीत पुढं सरकले.

"...स्वतःच रोवणीले येईन."

पहिले हसले ते साहेबच. मग त्यांनी चहा मागवला आणि तपासणी तिथंच संपली.

आमच्या भागात दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. धान कापून मोकळ्या झालेल्या शेतात मंडप पडतो, गावोगावचे पाहुणे बैलगाड्या जुंपून येतात, नाटक उजाडेपर्यंत चालतं. गुरुजी अशा नाटकांत विनोदी पात्रं करत. नोकर, हवालदार, वेंधळा सासरा. त्यांचा आवाज मोठा होता, पण त्यांची खरी ताकद आवाजात नव्हती. एकदा मी शेवटच्या अंकाला गेलो होतो. पूर्वेला उजेड यायला लागला होता. प्रेक्षक घोंगड्यांत गुरफटून पेंगत होते आणि तेवढ्यात नायक संवाद विसरला. आतून प्रॉम्प्टर ओरडत होता, पण नायकाला काही सुधरत नव्हतं. नोकराच्या वेषातले गुरुजी पाण्याचा तांब्या घेऊन आत आले. त्या प्रवेशात त्यांचं काही काम नव्हतं. ते नायकासमोर उभे राहिले, म्हणाले, "मालक, बाहेर..." आणि थांबले. नायकाकडे बघितलं, तांब्यात बघितलं, प्रेक्षकांकडे बघितलं. कुठंतरी एक बाई खुदकन हसली. मग दुसरी. मग घोंगड्या हलायला लागल्या. अख्खा मंडप जागा होऊन हसत होता आणि बाहेर काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. नायकाला दरम्यान आपला संवाद आठवला. गुरुजींनी वाक्य पूर्ण केलंच नाही, तांब्या घेऊन तसेच निघून गेले.

मी त्यांना नंतर म्हणालो, "गुरुजी, कमाल केली."

"मी काई नाई करत जी," ते म्हणाले. "मी फक्त थांबतो. हासतात त लोकं."

हे थांबणं त्यांना कुठून आलं, तेही त्यांनीच मला सांगितलं होतं. तोंडात खर्रा असायचा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून बनवलेला. तो या गालातून त्या गालात करायला क्षणभर थांबावं लागे. तरुणपणी एका प्रयोगात असंच थांबले आणि लोक हसले. तेव्हापासून त्यांनी ते थांबणं सोडलं नाही. खर्राही सोडला नाही.

पुढं त्यांचं तोंड पूर्ण उघडेनासं झालं. जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आला. तिखट लागेना, मग गरम लागेना. मी दवाखान्याचं काढलं की म्हणत, "तोंड उघडत नाई म्हून बायको खूश आहे, तुमाले काऊन तरास होते?" शेवटी त्यांना नागपूरला नेलं तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. म्हणाले, जीभ काढावी लागेल, जबड्याचा एक भागही. जीव वाचेल.

"डॉक्टरसाहेब," गुरुजी म्हणाले, "म्हंजे मी आता..."

आणि थांबले. सवयीनं मी वाट बघत राहिलो. डॉक्टरही थांबले. मंदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्या दिवशी वाक्याचं दुसरं अर्धं आलंच नाही.

ऑपरेशननंतर ते घरी आले तेव्हा चेहरा एका बाजूनं आत गेला होता. गालाभोवती सदैव गमछा असे. आवाज होता, पण त्याला आकार देणारं तोंडात काही उरलं नव्हतं. 'आ', 'ऊ', 'ओ' असे स्वर यायचे, चढउतार अगदी पूर्वीसारखा, आणि व्यंजन एकही नाही. शेजारच्या खोलीत कोणी बोलत असावं आणि आपल्याला नुसता सूर ऐकू यावा, तसं वाटायचं.

मंदाबाईंना मात्र सगळं कळायचं. कसं ते देव जाणे. जन्मभर न बोललेल्या त्या बाईवर आता दोघांचं बोलायचं काम आलं. भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. गुरुजी डोळे मिचकावत, हात नाचवत, मध्ये थांबत, असं लांबलचक काहीतरी बोलायचे. मग आम्ही सगळे मंदाबाईंकडे बघायचो. त्या मान खाली घालून सांगायच्या, "ते म्हनतात, बसा."

किंवा, "ते म्हनतात, बरं आहे आता."

गुरुजी कपाळावर हात मारून घ्यायचे. त्यांनी नुसतं 'बसा' म्हटलेलं नाही हे आम्हालाही दिसत होतं. मंदाबाई अर्थ बरोबर सांगायच्या. त्यात खोटं काही नसायचं. फक्त ज्याच्यासाठी ते वाक्य बोललं गेलं होतं ते तेवढं त्यातून गळून गेलेलं असायचं. बिचाऱ्या घाबरून घाईघाईनं सांगत, आणि गुरुजी चिडले की त्यांचे डोळे भरून येत.

मग पाटी आली. पाटीवर गुरुजींचं अक्षर सुरेख, पण तिचाही त्यांना लवकरच कंटाळा आला. कारण त्यांनी मला पाटीवरच लिहून दिलं: 'लोक माझ्या आधीच शेवटपर्यंत वाचतात.' खरं होतं. ते अर्धं लिहून थांबले तरी आपण त्यांच्या खडूकडे बघून पुढचं ताडायचो. आणि पूर्ण लिहून पाटी फिरवली तर डोळे एका झपाट्यात शेवटच्या शब्दावर. थांबायची जागाच कुठं उरत नव्हती.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. गुरुजींचा पुतण्या प्रशांत हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. संक्रांतीला आला तो एक लॅपटॉप घेऊन. त्याच्या ऑफिसात जुना झालेला. जाडजूड, पाटासारखा जड. त्यात त्यानं बोलणारा प्रोग्रॅम टाकून दिला होता. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचं, एक बटण दाबायचं की लॅपटॉप मोठ्यानं बोलायचा.

त्याचा आवाज सर्दी झालेल्या बातमीदारासारखा होता. ळ त्याला म्हणता येत नसे. आमची भाषा तर त्याला मुळीच ठाऊक नव्हती. पहिल्याच दिवशी गुरुजींनी मला विचारायला लिहिलं, 'काल काऊन नाई आले?', म्हणजे काल का आला नाहीत. लॅपटॉप म्हणाला, "काल कौन नाई आले?" मी गोंधळून म्हणालो, "कोण? कोणीच नाही." गुरुजी पोट धरून हसले. आवाज न करता हसण्याची एक तऱ्हा आता त्यांनी शिकून घेतली होती. मग त्या यंत्राला कळावं म्हणून ते पुस्तकी मराठीत लिहू लागले. शाळेत आयुष्य काढलेला तो माणूस पन्नाशीनंतर पहिल्यांदा 'मला' आणि 'का' म्हणू लागला, तेही दुसऱ्याच्या आवाजात.

त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. वाटलं ते उशिराचं. बटण दाबल्यावर लॅपटॉप लगेच बोलत नसे. आत किरकिर चालायची, पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं, आपण वाट बघून दुसरं काही बोलायला लागलो की मग एकदम वाक्य यायचं. गुरुजींचं थांबणं आणि त्या यंत्राचं थांबणं, दोन्ही थांबणंच. पण हे त्यांच्या हातातलं नव्हतं.

एकदा आम्ही चौकातल्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. गावच्या तलावाच्या मासेमारी सोसायटीवरून गप्पा चालल्या होत्या. गुरुजींनी मांडीवर लॅपटॉप उघडून टाइप केलं, बटण दाबलं. किरकिर सुरू झाली. तेवढ्यात आमच्यात रोज बसणारा काशिनाथ आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. म्हणाला, "बाबा गेले. आताच दवाखान्यातून फोन आला." सगळे उठून उभे राहिले. कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि त्या शांततेत लॅपटॉप खणखणीत बोलला, "त्या तलावात मासे कमी आणि सभासद जास्त."

गुरुजींनी झटकन झाकण लावलं. आत ते यंत्र तेच वाक्य संपवत होतं. दुसऱ्या दिवसापासून ते टपरीवर यायचे बंद झाले.

मी प्रशांतला फोन केला. तो म्हणाला, मेमरी भरता येते तेवढी भरली आहे. त्याचा प्रोसेसरच मंद आहे, त्याला तो प्रोग्रॅम झेपत नाही. पण त्या मॉडेलचा प्रोसेसर बोर्डाला कायमचा जोडलेला नसतो, खाचेत बसवलेला असतो. त्याच जातीचा जलद प्रोसेसर मिळाला तर काढून घालता येईल. मी हे गुरुजींना समजावून सांगितलं. त्यांनी पाटी मागितली. 'म्हणजे डोकं बदलायचं, तोंड तेच?' मी हो म्हणालो. त्यांनी खाली लिहिलं, 'माझ्या वेळी डॉक्टरनं उलटं केलं.'

त्यांना घाई होती त्याचं कारण होतं. आजारपणामुळे त्यांनी लवकर निवृत्ती घेतली होती आणि एप्रिलच्या अखेरीस शाळेत निरोप समारंभ ठरला होता. गुरुजींना उत्तराचं भाषण स्वतः करायचं होतं. मुख्याध्यापक म्हणाले होते, तुम्ही लिहून द्या, आम्ही कोणाकडून तरी वाचून घेऊ. ते ऐकून घरी आल्यावर गुरुजींनी मला पाटीवर लिहून दाखवलं. 'आवाज माझा नाही तर नाही. पण वेळ माझी पाहिजे. एकदाच.'

चंद्रपूरला बस स्टँडच्या मागं नौशाद नावाच्या पोरसवदा दिसणाऱ्या माणसाचं दुरुस्तीचं दुकान होतं. तो लॅपटॉप उलटा-सुलटा करून बघत म्हणाला, "काका, पुराना है, पन होऊन जाईन. याच मॉडेलचा बंद पडलेला पीस नागपुरात पाहतो. त्याच्यातला प्रोसेसर काढून याच्यात टाकू."

त्यानं शब्द पाळला. काही दिवसांनी आम्ही तिघं मूल गावावरून बसनं पुन्हा चंद्रपूरला गेलो. उन्हाळा असा तापला होता, की खिडकीच्या लोखंडी दांडीला हात लागला तर चटका बसे. मंदाबाईंनी लॅपटॉप मांडीवर घेऊन वरून ओला टॉवेल टाकला होता. पाणी आत जाईल म्हणून मी तो काढायला लावला.

नौशादनं कीबोर्ड उचलला. खाली तांब्याची पट्टी, छोटासा पंखा. पट्टीचे स्क्रू काढले. मग बारीक पेचकसानं खाचेतला एक स्क्रू अर्धा फिरवला आणि नखाएवढी चकचकीत पाठ असलेला तो चौकोन अलगद वर आला. खाली केसांसारख्या बारीक पिना. गुरुजी वाकून बघत होते. माझ्या मनात आलं ते बहुतेक त्यांच्याही मनात आलं असावं, कारण त्यांचा हात गमछ्यावर गेला. नवा प्रोसेसर तसाच दिसत होता. नौशादनं कोपरा जुळवून तो बसवला, पांढरी पेस्ट लावली, सगळं परत जोडलं. बटण दाबलं. त्यानं श्वास रोखला होता ते मला दिसलं.

पडदा उजळला. वेग जुन्याच्या जवळजवळ दुप्पट दाखवत होता. गुरुजींनी खुर्ची ओढली आणि टाइप केलं. बटणावर बोट पडलं आणि आवाज आला. त्याच क्षणाला.

"नौशादभाऊ, तुमचा चहा..."

गुरुजी थांबले. डावी भुवई वर गेली. कितीतरी महिन्यांनी मी ती वर गेलेली बघत होतो. नौशाद चहा मागवायला उठणार तेवढ्यात त्यांनी दुसरं बटण दाबलं.

"...आम्ही पाजणार."

नौशाद मोठ्यानं हसला. मीही हसलो. मंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. नवऱ्याच्या विनोदाला त्यांना हसताना मी तेव्हाच बघितलं. गुरुजी तर सुटलेच. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलत राहिले. शेजारच्या दुकानातली माणसं गोळा झाली. पंखा घरघरत होता, कीबोर्ड गरम लागत होता, पण तिकडं कोणाचं लक्ष नव्हतं. मग एका वाक्याच्या मध्येच पडदा काळा झाला.

नौशादनं हात लावून बघितला आणि चटकन मागं घेतला. "तापला. हा नवा जास्त तापते, काका. अन् याचा पंखा त्या जुन्याच्या हिशेबाचा आहे." त्यानं पंखा साफ केला, पेस्ट बदलली, खालून दोन ठोकळे लावून बघितलं. थंड झाल्यावर लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, थोडा वेळ उत्तम चालला, आणि पुन्हा बंद पडला.

"जुना परत टाकू का? हळू चालन, पन चालन."

गुरुजींनी मान हलवली. नको.

"मग एक करा. थोडाच वेळ चालू ठेवजा. समोर टेबलपंखा लावजा. मी मोठा पंखा भेटते का पाहतो." नौशादचा चेहरा पडला होता. "मले वाटलं होतं जमून गेलं."

समारंभ शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये, वर टिनाचं छत. सकाळचीच वेळ ठेवली होती तरी आत भट्टी झाली होती. मी व्यासपीठावर टेबलपंखा आणून ठेवला, लॅपटॉपखाली दोन फरश्या लावल्या, माईक त्याच्या जवळ केला. गावातली माणसं आली होती, नाटकातले सहकारी आले होते, जुने विद्यार्थी आले होते. काशिनाथही आला होता. तो मागं उभा होता. त्याला बघून गुरुजी स्वतः खाली उतरले आणि हात धरून त्याला पुढच्या रांगेत बसवून आले.

लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागे. म्हणून प्रमुख पाहुणे बोलायला उठले तसा गुरुजींनी तो सुरू करून ठेवला. पाहुणे दोन शब्द बोलणार होते. ते शिक्षणाच्या महतीवर बोलले, शिस्तीवर बोलले, स्वतःच्या बालपणावर बोलले, आणि प्रत्येक वेळी 'शेवटी एवढंच सांगतो' म्हणून पुन्हा बोलले. मी गुरुजींना खूण केली, बंद करा. त्यांनी मान हलवली. बंद केला आणि वेळेवर लागला नाही तर? त्यांचं एक बोट हळूहळू काहीतरी टाइप करत होतं.

अखेर पाहुणे बसले. गुरुजी उठले. हॉल गप्प झाला. त्यांनी बटण दाबलं.

"मुख्याध्यापक सर, प्रमुख पाहुणे, आणि..."

सगळ्यांवरून त्यांची नजर फिरली. एका पेंगणाऱ्या म्हाताऱ्यावर जाऊन थांबली. बोट पडलं.

"...जागे असलेले सगळे."

हॉलमध्ये हशा फुटला. खरं हसू, पोटातून आलेलं. प्रमुख पाहुणेही हसले. नाटकातल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. गुरुजी ते हसू ओसरायची वाट बघत उभे राहिले, कुठं पुढचं वाक्य सोडायचं हे त्यांना बरोबर माहीत होतं. पुन्हा बटण.

"डॉक्टरांनी माझी जीभ काढली, तेव्हा मला एकाच गोष्टीचं वाईट वाटलं..."

थांबले. भुवई वर गेली. पंख्याचा तेवढा आवाज. लोक पुढं वाकले. मागं काही पोरांना आधीच हसू यायला लागलं होतं. गुरुजींनी त्या शांततेला जेवढं ताणता येईल तेवढं ताणलं आणि मग बोट खाली आणलं.

काही झालं नाही.

लोकांना वाटलं, अजून थांबले आहेत. ते आणखी पुढं वाकले. मला व्यासपीठाच्या बाजूनं पडदा दिसत होता. काळा. गुरुजींनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा. मग चालू करायचं बटण धरून ठेवलं. भुवई अजून वरच होती. जणू ती खाली आणली तर सगळ्यांना कळलं असतं. मी पुठ्ठा घेऊन वारा घालायला धावलो, आणि माझ्या धावण्यानंच लोकांना ते कळलं. हसायला तयार झालेले चेहरे एकेक करून बदलत गेले. पोरं गप्प झाली. गुरुजींनी माईककडे तोंड नेलं आणि स्वतःच्या आवाजात बोलले. तेच वाक्य असावं, चढउतार नेमके होते. लाऊडस्पीकरमधून नुसते स्वर हॉलभर गेले. मग सगळ्यांच्या माना मंदाबाईंकडे वळल्या.

मंदाबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. ओठ हलले. एवढ्या लोकांपुढं त्या जन्मात कधी बोलल्या नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "ते म्हनतात, सगळ्याईचे आभार."

मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांनी वाजवल्या. खूप वेळ वाजवल्या, काहींनी डोळे पुसले. टाळ्या थांबेनात. गुरुजी हात जोडून त्यांच्या मधोमध उभे होते, आणि मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

घरी जाताना ते पुढं चालत होते. मंदाबाई माझ्याबरोबर मागं. एकदम म्हणाल्या, "मले माहीत होतं जी पुढचं. घरी कितीकदा वाजवून पाह्यलं त्यांनी. पन मले तसं म्हनताच येत नाई. मी म्हटलं असतं त लोकं रडले असते." थोडं चालून त्या म्हणाल्या, "तुमाले सांगू का काय होतं ते?"

गुरुजींनी ऐकलं होतं. ते वळले, हातानं नको म्हणाले. रागानं नव्हे. आणि परत चालू लागले.

नौशादचे नंतर दोन-चार वेळा फोन आले. मोठा पंखा बसेल असं शरीरच त्या लॅपटॉपचं नव्हतं. दुसरा, नवा लॅपटॉप घ्यायचा, असं प्रशांत म्हणत होता, आणि आम्ही ते ठरवतही होतो. पोळा झाल्यावर गुरुजींच्या मानेत गाठ आली. मग ठरवायचं काही राहिलं नाही.

ती दोघं उपचारासाठी नागपूरला निघाली त्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेलो. मलाही सोबत जायचं होतं, पण परीक्षा चालू होती आणि प्रशांत थेट नागपूरला येणार होता. गुरुजी खिडकीशी बसले होते, बारीक झालेले. पलीकडे मंदाबाई पिशवी धरून. गाडी उभी होती, कंडक्टर चहाला गेला होता. मी खिडकीखाली उभा राहून उगाच काहीबाही सांगत होतो. सहावीचा वर्ग फार दंगा करतो. नवे गणिताचे सर पोरांना आवडत नाहीत. येताना औषधं नीट घेऊन या. गुरुजी ऐकत होते.

ड्रायव्हर आणि कंडक्टर चढले. गाडी धडधडू लागली. मंदाबाई तिकिटासाठी कंडक्टरशी बोलायला तिकडं वळल्या आणि तेवढ्यात गुरुजींनी खिडकीबाहेर मान काढली. ते मला काहीतरी म्हणाले. लांब वाक्य होतं. इंजिनच्या आवाजात त्यातले स्वरही विरून गेले.

"काय म्हणालात?" मी कानाला हात लावून ओरडलो.

त्यांनी पुन्हा म्हटलं. मी मान हलवली, नाही कळलं. मी मंदाबाईंना हाक मारली, पण ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. गाडी मागं सरकायला लागली होती. मी खिडकीला हात लावून बरोबर चालू लागलो. गुरुजींनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. या वेळी घाई केली नाही. अर्ध्यावर आले आणि थांबले. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पूर्वीचीच ती चमक. गाडीनं वळण घेतलं, माझा हात सुटला, आणि मग त्यांनी उरलेलं अर्धं सोडलं.

गाडी नागभीडच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांचं तोंड खिडकीबाहेर दिसत होतं, मागं वळलेलं, मला हसू आलं की नाही ते बघत.